मी पाडलेला पाऊस

अमेरिकेतल्या एका बेसबॉलच्या मॅचमध्ये मी चाळीस मिनिटं पाऊस पाडला. प्रत्यक्षात तिथे त्या संध्याकाळी ढगसुद्धा नव्हता.

हे वाचून तुम्हाला वाटेल, आता गडी काहीतरी गमतीचं सांगणार. माझी ख्यातीच तशी आहे. स्वतःच्या फजित्या चारचौघांत रंगवून सांगायच्या, हा माझा जुना धंदा. दुसऱ्याच्या लग्नात भलत्याच कार्यालयात जाऊन जेवून, वर आहेर देऊन आलो, ती गोष्ट तर मी इतक्यांदा सांगितलीय की आता लोक मला मध्येच थांबवून पुढचं स्वतः सांगतात. ही पावसाची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. घरात हिला माहीत आहे, कारण ती तिथे होती. आणि आणखी दोघांना.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. कर्वेनगरातली आमची सोसायटी जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एक त्यांचं आणि एक आमचं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. काकू जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा एकुलता एक, तो तिकडे अमेरिकेत. काका मला ‘अहो शेजारी’ म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण ते लक्षात ठेवण्याइतकं मी काही केलेलं नव्हतं.

एप्रिल ते सप्टेंबरअखेर, आठवड्यातले चार-पाच दिवस, सकाळी साडेसातच्या सुमारास त्यांच्या घरात एक अमेरिकन माणूस बोलायला लागायचा. पहिला महिनाभर मला वाटलं, काका उतारवयात इंग्रजी सुधारतायत. मी हिला म्हणालोसुद्धा, बघ, या वयात शिकण्याची हौस! मग एकदा दूध उतू गेलं म्हणून साखर मागायला गेलो (दुधाचा आणि साखरेचा काय संबंध, ते विचारू नका) आणि पाहतो तर काका इस्त्रीचा शर्ट, पँट, पट्टा असे तयार होऊन खुर्चीत ताठ बसलेले. समोरच्या कप्प्यात छोटी बुद्धमूर्ती, तिच्या शेजारी टेकवून ठेवलेला टॅबलेट, आणि मांडीवर लांबलचक वही.

“बाहेर निघालात?” मी विचारलं.

“मॅचला बसलोय.”

“मग एवढे कपडे?”

“चाळीस हजार माणूस आहे तिथे. बनियनवर बसू?”

“अहो, पण ते कुठे तुम्हाला बघतायत?”

“मला ते ऐकू येतायत ना. साखर तिथे डब्यात आहे. चमचा जागेवर ठेवा.”

असे काका. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात, आणि सातवी अर्धी झाली की सगळं स्टेडियम उठून उभं राहतं, हातपाय ताणतं, गाणं म्हणतं. तशी पद्धतच आहे म्हणे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर काकाही उठायचे. एकटेच. दोन्ही हात वर करून, कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे. गाणं मात्र म्हणायचे नाहीत. “शब्द येत नाहीत. न येणारं गाणं मोठ्यानं म्हणायची पद्धत आपल्याकडे गणपतीत आहे, तिथे नाही,” म्हणाले.

त्यांची टीम हरायची. अधूनमधून नाही, नेमानं. मी एकदा सुचवलं, जरा बरी टीम धरा की, तुम्हाला कुणी बांधून घातलंय? काकांनी वहीतून डोकं वर केलं नाही. “जिंकणाऱ्यांना माझी काय गरज?”

आणि ती वही! तसा छापील तक्ता मिळतो म्हणे बाजारात, पण काकांना तो पसंत नव्हता. रेषा जाड आहेत, म्हणाले. ते स्वतः आखायचे. टोकदार पेन्सिल, स्टीलची पट्टी, आणि प्रत्येक चौकटीत तांदळाच्या दाण्याएवढा एक चौकोन, टोकावर उभा केलेला. खेळाडू धावत चार कोपरे पुरे करून ‘घरी’, म्हणजे निघाला तिथे, परत आला की तो चौकोन काळजीपूर्वक भरायचा. धरणाचा नकाशा काढणाऱ्या हाताचं अक्षर. खेळाडूंची नावं मात्र त्यांनी आपली आपण ठेवलेली होती, कारण खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती. डावरा, मिशा, जावई (हा नुसता उभा राहायचा, काही करायचा नाही) आणि म्हातारा. म्हातारा म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा बॉलर. तिकडे त्याला पिचर म्हणतात. त्या सीझननंतर तो खेळणं सोडणार होता. काकांचा त्याच्यावर फार जीव.

आठवड्यातून एखादी मॅच चित्रासकट दिसायची. मुलानं कधीतरी पाठवलेली कसलीशी डबी टीव्हीला जोडलेली होती. तेव्हा काका टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे आणि कॉमेंट्री रेडिओवरचीच ऐकायचे. अशाच एका सकाळी मी शेजारी बसलो होतो. काका कानात तो छोटा श्रवणयंत्रासारखा इअरफोन घालून बसलेले. मला म्हणाले, “बघा, आता मिशा मारणार. लांब.” आणि वीस सेकंदांनी टीव्हीवर मिशानं खरंच चेंडू गगनाला भिडवला. मग म्हणाले, “आता जावई बाद.” जावई बाद. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी घरी येऊन हिला सांगितलं, सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, दुसऱ्या मजल्यावरचे एकजण तर मुलीच्या लग्नाचं विचारायला वर चढले. काकांनी त्यांना दारातच सांगितलं, “रेडिओ टीव्हीच्या पुढे असतो. चित्र मागाहून येतं. हे समोरच्यांना कळलं नाही, तुम्हाला कळेल अशी आशा आहे.”

हा अमेरिकन नाद त्यांना लागला कसा, ते मला हिच्याकडून कळलं. काकू होत्या तोवर मुलाशी बोलायच्या त्या. काका शेजारी बसून पेपर वाचायचे. काकू गेल्या तेव्हा मुलानं फोन केला, निघू का म्हणाला. काका म्हणाले, “आता येऊन काय करणार? नको येऊस.” पोरगा बापावर गेलेला. आला नाही. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा आणि दोघंही गप्प बसायचे. बरंय ना? बरंय. औषधं? चालू आहेत. मग दोघांच्या श्वासाचा आवाज. एका रविवारी पलीकडे मागे काहीतरी बडबड चालली होती. काकांनी विचारलं, “काय लावलंयस?” मुलगा म्हणाला, “कालच्या मॅचची कॉमेंट्री.” “कसली मॅच?” आणि तो सांगायला लागला. चाळीस मिनिटं सांगत होता. फोन ठेवून काकांनी म्हणे बसल्या जागेवरूनच हिला हाक मारली आणि विचारलं, “वहिनी, टॅबलेट म्हणजे काय असतं?”

तेव्हापासून दर रविवारी बापलेक तासभर बोलायचे. फक्त बेसबॉल. त्यात सूनही नाही, घरही नाही, काकूही नाहीत. म्हाताऱ्याचा खांदा दुखतोय का, डावऱ्याला बसवायला हवं होतं का, असं सगळं. सीझन सप्टेंबरअखेर संपायचा आणि त्याबरोबर फोनही. मग थेट एप्रिल. त्या सहा महिन्यांत काका जुन्या वह्या काढून चौकोन पुसून पुन्हा नीट भरत बसलेले दिसायचे.

मला त्यांनी तो खेळ शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. माझी एक सवय आहे. समजलं नाही तरी ‘कळलं, कळलं’ म्हणायचं. ऑफिसात या सवयीवर तीस वर्षं निघाली. काका विचारायचे, “हा बाद का झाला?” मी म्हणायचो, कळलं. “काय कळलं?” “तेच, तुम्ही म्हणालात ते.” ते पेन्सिल कानावर खोचायचे आणि पहिल्यापासून सांगायचे. दोन सीझन सांगत होते.

आता ती मॅच.

सप्टेंबर संपत आलेला. घरच्या मैदानावरची, सीझनची शेवटची मॅच, म्हाताऱ्याचीही शेवटची. आदल्या रविवारी मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्या रविवारी सकाळी, मी स्टेडियमवर जातोय. तुम्ही तिकडून ऐका. दोघं बरोबर बघू.” हे मला काकांनी स्वतः येऊन सांगितलं. दारात उभे राहून, चप्पल न काढता. तो नऊ वर्षांचा असताना दोघं नेहरू स्टेडियमवर गेले होते, त्यानंतर म्हणे आत्ताच. आठवडाभर त्या मॅचचं पान आखणं चाललं होतं.

शनिवारी सकाळी त्यांना उजव्या डोळ्यासमोर काळा पडदा यायला लागला. मी म्हणालो, चष्म्याची काच पुसा. दुपारी हिनं ऐकलं आणि त्यांना रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. उद्या सकाळी आठलाच ऑपरेशन, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी विचारलं, “साडेदहानंतर घेता येईल का?” डॉक्टरांना वाटलं पूजाबिजा असेल. मॅच आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “आजोबा, डोळा हवाय की मॅच?” ही सांगते, काकांनी बराच वेळ विचार केला.

मुलाला कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी म्हणालो, अहो, त्याला सांगितलंत तर मॅचचंही आपोआप मिटेल. “तो म्हणेल येऊ का. तेव्हा नको म्हणालो, आता डोळा दाखवून बोलावू?” मग त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. हातात दिली म्हणजे, सोडायला थोडा वेळ लावला.

“अहो शेजारी, तुम्ही बसा. साडेसात ते संपेपर्यंत. सगळं नाही जमलं तरी चालेल. जे होईल ते मराठीत लिहा. दुपारी मला सांगा. संध्याकाळी त्याचा फोन आला की मला बोलता यायला हवं.”

“कळलं,” मी म्हणालो.

रविवारी सकाळी ही काकांना घेऊन दवाखान्यात गेली. तिच्याकडे फॉर्म, औषधं, थेंब, रक्ताचे रिपोर्ट. माझ्याकडे एक खुर्ची. मी काकांच्या घरात बसलो, टॅबलेट लावला, पेन्सिल धरली. दोन इनिंग प्रामाणिकपणे ऐकलं. देवाशपथ. त्या माणसाच्या बोलण्यातला दर चौथा शब्द कळत होता आणि कळलेल्या शब्दांत कुठेच चेंडू नव्हता. मी दोन चौकोन भरले, एक पुसला. मग माझ्या मनात आलं, शेवटी स्कोअर तर मोबाइलवर येतोच. माझी रविवारची मंडई कधी चुकत नाही. कर्वेनगरच्या कोपऱ्यावर भाजी मिळते, पण मी पेठेत वाढलेला माणूस, मला मंडईतलीच भरताची वांगी लागतात. अर्ध्या तासात जाऊन येऊ. आठवीच्या आधी परत.

वांगी घेतली. मग एके ठिकाणी मिसळ खाल्ली. हेही लिहून टाकतो, आता लपवून काय करायचं. आणि बाहेर पाऊस सुरू झाला. परतीचा पाऊस कसा असतो ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. छपराखाली पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. थांबेल, थांबेल म्हणता म्हणता शेवटी तसाच स्कूटरवर निघालो. घरी आलो तेव्हा टॅबलेटवर कुणीतरी आनंदानं गाड्यांची जाहिरात करत होतं. मॅच संपली होती.

मोबाइल काढला. पाच-तीन, आपली टीम जिंकली होती. कुठल्या इनिंगमध्ये किती रन, एवढे आकडे होते. रन कुणी केले, कसे केले, काही नाही. ती कॉमेंट्री पुन्हा ऐकता येते, हे मला तेव्हा माहीत होतं. तीन तास पुन्हा बसायचं जिवावर आलं. मी पेन्सिल घेतली आणि काकांनी आठवडाभर आखलेल्या पानावर, ओल्या मनगटानं, मिशाला दोन, डावऱ्याला एक, असं वाटप केलं. म्हाताऱ्याला भरपूर टाळ्या दिल्या.

दुपारी काका घरी आले. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, त्यामुळे आठवडाभर पालथं पडून राहायचं. पलंगावर पालथे, काठावर कपाळाखाली उशी, तोंड जमिनीकडे. मी शेजारी स्टुलावर बसलो. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. दिसत असतं तर मला जमलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो. जमलं असतं.

“सांगा,” काका फरशीला म्हणाले.

मी सांगायला लागलो. सांगणं हा तर माझा धंदा. पहिल्या दोन इनिंग खऱ्याखुऱ्या, मग रंगात आलो. काका मध्येमध्ये “हं” म्हणायचे. मग मी तिसरी ते सहावी सगळी शून्यं एका दमात उरकली.

“चार इनिंग काहीच नाही?” ते म्हणाले. “लोक काय करत होते? आवाज कसा होता?”

माझा शर्ट अजून अंगाला चिकटलेला होता. तोंडातून निघून गेलं, “अहो, मध्ये पाऊस आला ना.”

“पाऊस?”

“चांगला चाळीस मिनिटं. खेळ थांबवला होता.”

मला वाटलं, पकडलं. मग उशीतून आवाज आला, “छत्री नसेल त्याच्याकडे. लहानपणी भिजला की दुसऱ्या दिवशी ताप ठरलेला.”

मी तिथे थांबायला हवं होतं. मी म्हाताऱ्याच्या शेवटच्या बॉलवर गेलो.

संध्याकाळी आठला फोन आला. काका पालथेच, म्हणून हिनं फोन स्पीकरवर टाकून पलंगाखाली, त्यांच्या तोंडासमोर फरशीवर ठेवला. मी निघत होतो, पण काका म्हणाले, बसा, एखादं नाव अडलं तर सांगा.

“बाबा! ऐकलीत?” मुलाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. धावत आल्यासारखा.

“ऐकली तर!” काकांनी आवाज नेहमीसारखा काढला, पालथ्या माणसाला तो किती जड जातो ते त्या दिवशी कळलं. आणि मग, मिशा नाही, म्हातारा नाही, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “पाऊस आला तेव्हा भिजलास का रे?”

त्या दोघांच्या तीन सीझनच्या बोलण्यात बेसबॉल सोडून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

“कुठला पाऊस?”

“मॅचमधला. चाळीस मिनिटं.”

“बाबा, इथे आठ दिवस पाऊस नाही. आकाश स्वच्छ होतं.” मग थोड्या वेळानं, “म्हाताऱ्याला पहिल्या इनिंगनंतरच काढलं, ते तरी ऐकलंत का? खांदा गेला त्याचा. रडत गेला. सगळे उभे होते.”

पहिली इनिंग. जी मी ऐकली होती. जिथे मी एक चौकोन पुसला होता.

मी तोंड उघडलं. काकांनी पलंगाबाहेर हात काढून, न बघता, बोट वर केलं. गप्प.

“मला झोप लागली,” ते फरशीकडे बघत म्हणाले. “वय झालं.”

“मग झोपलो होतो म्हणायचं. खोटं कशाला?” मुलगा म्हणाला. “मी जागा बदलून रेडिओ कॉमेंट्रीच्या केबिनखाली बसलो होतो, बाबा. म्हटलं, माझा आवाज येईल तुम्हाला.” आणि त्यानं फोन ठेवला.

ही फोन उचलून खिडकीत ठेवायला गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

“शेजारी.”

“हो.”

“किती ऐकलीत?”

“दोन इनिंग.”

“उरलेल्या सात इनिंग कुठे होता?”

“मंडईत.”

“काय आणलंत?”

“वांगी.”

“बरी निघाली का?”

याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही. ती वांगी हिनं केली नाहीत. मीही काढायला सांगितली नाहीत. ती फ्रिजमध्येच सुरकुतून गेली.

आठवड्यानं काका बसायला लागले. डोळा वाचला होता, पण चार दिवस सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. तशा डोळ्यानं, एका दुपारी, त्यांनी माझं ते पान खोडलं. सगळं खोडरबरानं. एकेक चौकोन, आखलेली रेष न पुसता. मी थेंब घालायला गेलो होतो, तो उभाच राहिलो. पान कोरं झाल्यावर त्यांनी वर लिहिलं, ‘ऐकली नाही.’ मी म्हणालो, काका, ती मॅच अजून ऐकता येते, आपण दोघं बसू, मी सगळी लिहितो. ते म्हणाले, “मॅच असेल हो. तो आता तिथे बसलेला नाहीये.”

त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही, हे सगळ्यात वाईट. साखर मागितली तर द्यायचे. फक्त बाद कसा झाला, हे पुन्हा कधी समजावलं नाही.

तीन आठवडे गेले. रविवारी आठ वाजता त्यांच्या घरात दिवा असायचा, आवाज नसायचा. एप्रिलला सहा महिने होते, आणि या खेपेला एप्रिलमध्येही फोन येईल याची काही खात्री नव्हती. मी हिला म्हणालो, काय करणार, मुलाला सांगू नका असं त्यांनीच बजावलंय.

ही पोळी लाटत होती. “ते नको म्हणाले म्हणून गप्प बसलायत, की तुम्हाला सोयीचं आहे म्हणून?”

मुलाचा नंबर काकांच्या भिंतीवर होता, नकाशावर गावाचं नाव लिहावं तशा अक्षरात. थेंब घालताना तो मी हातावर लिहून घेतला. रविवारी सकाळी, तिकडची संध्याकाळ धरून, खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून फोन लावला. आदल्या दिवशी काय बोलायचं ते तीनदा घोकलं होतं. पहिल्या वाक्याला सगळं गेलं. मी तुमच्या बाबांच्या समोरचा, असं सुरू केलं आणि मग एकदम सगळं ओतलं. पडदा, ऑपरेशन, कळवू नका म्हणाले ते, वही, मंडई, मिसळसुद्धा. बाबा झोपले नव्हते, बाबा तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते. पाऊस माझा होता. भिजलास का, हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं. ते मी शिकवलेलं नव्हतं.

पलीकडून काहीच येईना. गाडीचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. कुठेतरी बाजूला लावली असावी.

ती शांतता मला सहन झाली नाही. शांतता कधीच झालेली नाही. मी पुन्हा बोलायला लागलो. म्हणालो, ऐका ना, मला फार वाईट वाटतंय, तुमचा गैरसमज व्हायला नको, मी काही असा माणूस नाही हो, तुम्ही सोसायटीत कुणालाही विचारा...

“काका,” तो म्हणाला, “तुम्ही कसे आहात ते कळलं मला. बाबांचा डोळा कसा आहे, ते सांगा.”